फुंकणीची खोली

३ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहायचा थोरल्याचा हक्क अजून शाबूत आहे असं धरून चालतो. हे पत्र फाडणार असशील तर निदान पहिलं पान वाचून फाड. त्यावर मी फक्त कामाचंच लिहिलं आहे.

बाजारात तुझा मेहुणा भेटला. टाळून जात होता, मीच आडवा गेलो. त्याने सांगितलं की खाटेवरून मोरीपर्यंत जायला तुला दोनदा बसावं लागतं, आणि आडवं झालं की गुदमरतं म्हणून उशांना टेकून झोपतोस. वर म्हणाला, "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर यातलेच." टोमणा होता. मी गिळला.

दम लागला की तू काय करतोस ते मला न बघता ठाऊक आहे. तोंड वासतोस, खांदे कानापर्यंत उचलतोस आणि हवा आत ओढतोस. ते बंद कर. हवा ओढायची नसते. छाती आणि पोटाच्या मध्ये स्नायूचा एक पडदा असतो. तो खाली सरकला, बरगड्या रुंदावल्या की आत जागा होते आणि बाहेरची हवा आपण होऊन आत येते. आपलं काम फक्त जागा करायचं. खांदे उचलून मानेचे स्नायू फुकट थकतात, आणि थकलेल्या स्नायूंना पुन्हा हवाच लागते. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

खुर्चीवर बस, पुढे वाक, कोपरं गुडघ्यांवर टेकव. नाकाने हळू आत घे. मग शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू कर आणि आत घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोड. जोर लावायचा नाही. चालताना दोन पावलं आत, चार पावलं बाहेर. टेबलफॅन थेट तोंडावर लाव. गालाला वारा लागला की जीव घाबरा होणं जरा कमी होतं. हसू नकोस, मी हे माणसांवर पाहिलेलं आहे.

इकडे मी ठीक, तुझी वहिनी ठीक. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण चंबूचं तेवढं कर.

— दादा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं, पण तुझं नव्हे. तुझ्या बायकोच्या चार ओळी. 'पत्र वाचून दाखवलं. ते भिंतीकडे तोंड करून होते. पंखा लावला. भाऊजी, ते विचारतात की चार वर्षं सगळं उत्तम होतं, तर हे आलं कुठून?'

म्हणजे माझा विषय घरात निघतो. सध्या तेवढ्यावर मी समाधानी आहे.

कुठून आलं ते सांगतो. श्वासनळी छातीत उतरते आणि तिला दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी दोन-दोन, असं वीस-बावीस वेळा. प्रत्येक नळी आधीच्या नळीपेक्षा बारीक, पण त्यांची संख्या इतकी वाढते की सगळ्या मिळून वाट रुंदच होत जाते. म्हणून घशातून धावत आलेली हवा खाली जाता जाता मंदावते आणि टोकाच्या फुग्यांपाशी जवळजवळ उभी राहते. जाड धूळ नाका-घशातच अडकते. ती काळी घाण तू खाकरून टाकायचास आणि तुला वाटायचं, गेली पीडा. डोळ्यांना न दिसणारी वाळूची पूड मात्र हवेबरोबर तळापर्यंत उतरते, आणि हवा उभी राहते तिथेच बसते. ती विरघळत नाही. शरीर तिच्याभोवती गाठ बांधतं, एका गाठीला दुसरी चिकटते, आणि फुफ्फुस चामड्यासारखं ताठ होतं. मग पडदा कितीही खाली खेचला तरी आत हवी तेवढी जागा होत नाही.

हे मी तुला आठ महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. तू मोठ्या दवाखान्यातला एक्स-रे काखोटीला मारून आला होतास त्या दिवशी. मी नेहमीप्रमाणे फुंकणीच्या खोलीत होतो. (कामगारांचा दम मोजायच्या आमच्या खोलीला हे नाव तुम्हीच ठेवलं, आणि मला फुंकणीवाला.) कारखान्यातल्या ओतशाळेच्या मागची ती आठ बाय दहाची खोली, भिंतींना पांढऱ्या फरशा, आणि दार लावलं की शेडमधला आवाजसुद्धा आत येत नाही. तू दार लावलंस आणि म्हणालास, "दादा, चार वर्षं तूच मला इथे फुंकायला लावलंस. चारही वर्षं म्हणालास, उत्तम."

मी म्हणालो, "मशीन सांगतं ते मी लिहितो."

एक्स-रे टेबलावर टाकून तू गेलास तो गेलासच. दुसऱ्या दिवशी सामानासकट सासुरवाडीला गेल्याचं मला गेटवरच्या वॉचमनकडून कळावं, यात काय ते आलं.

मशीन म्हटलं की बिघाड आलाच. तेवढंच म्हणतो.

— दादा


८ मार्च

धाकट्या,

तुझ्या दाव्यावरचा मेडिकल बोर्डाचा निकाल वाचला. चार वर्षांचे रिपोर्ट ठणठणीत आहेत, त्याअर्थी हा 'कामाचा आजार' नव्हे, कारण बाहेरचं असावं, असं त्यांनी लिहिलं आहे. तो शिक्का नाही म्हणजे कंपनीच्या दवाखान्यात खाट नाही आणि घरी ऑक्सिजनचं मशीनही नाही. तुझ्या बायकोने फेरतपासणीचा अर्ज केला हे बरं केलं. बाई शांत दिसते पण खमकी आहे.

त्या अर्जावरून आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत. वय पन्नाशीचं, बोलणं मोजकं, आणि चहा विचारला तर म्हणतात "आधी काम." दोन दिवस त्यांनी मशीन तपासलं. मशीनमध्ये खोट सापडली नाही. सापडणार कशी? रोज सकाळी कोणी यायच्या आत मी त्यात तीन लिटरचा पंप मारतो. आकडा बरोबर तीन यायला हवा. मग मी स्वतः फुंकतो. निरोगी माणसाची फुंक रोज जवळपास तेवढीच भरते, म्हणून ती हलली तर मशीन बिघडलं असं समजायचं. बारा वर्षांत मी एक सकाळ चुकवलेली नाही. बाई म्हणाल्या, "इतकं नीट ठेवलेलं मशीन मी क्वचितच पाहिलंय." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजलो.

पहिल्या वर्षीचा तुझा रिपोर्ट आठवतो का? तुझ्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाची छाती जेवढी भरायला हवी त्याच्या एकशे चोवीस टक्के. कंपनीचे डॉक्टरसाहेब हसले होते, "एवढासा माणूस आणि हा दम? हा तर भाता आहे भाता!" शेडमध्ये सगळे तुला भाता म्हणायला लागले. घरी येऊन तू वहिनीला छाती फुगवून दाखवलीस. तिने तुला दोन पोळ्या जास्त वाढल्या.

आणि मग फोरमनने ठरवलं की धुळीच्या टाकीत उतरायला भात्याइतका योग्य माणूस नाही. वाळू मारून लोखंड साफ करायच्या खोलीतली सगळी पूड पंखा ओढून त्या टाकीत नेतो. आत कापडी पिशव्या टांगलेल्या असतात, त्या आठवड्यातून दोनदा माणसाने आत उतरून झटकायच्या. बाकीच्यांना पाळीपाळीने पाठवायचे. तुला तीन वर्षं पाठवलं. रिपोर्ट पाहून पाठवलं.

मला हे तेव्हाच कळलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तूच सांगितलंस, मिशांवर पांढरं घेऊन. मी म्हणालो, "मास्क नीट लाव."

— दादा


१५ मार्च

धाकट्या,

आज बाईंनी मला समोर बसवलं. माणसाने फुंक मारली की मशीन कागदावर रेघ काढतं. ती उभी चढते, टोक गाठते आणि मग उतरते. प्रत्येकाची उतरण वेगळी. तुझ्या चारही वर्षांच्या रेघांना टोकाच्या जरा पुढे एक बारीकसा खड्डा आहे.

बाईंनी त्या कागदांवर दुसरा कागद ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावून धरले. दुसरा कागद माझ्या सकाळच्या फुंकेचा होता. फुंकता फुंकता माझी नजर मशीनच्या पडद्याकडे जाते, मान किंचित वळते आणि घशाशी क्षणभर हवा अडते. बारा वर्षांची सवय. मला स्वतःला तो खड्डा कधी दिसला नव्हता.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "भाऊ आहे माझा. सख्ख्या भावांच्या छात्या सारख्या असू शकतात."

"आणि मान वळवायची सवयही?"

मी म्हणालो, योगायोग असेल. बाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवले. घरी आलो. तुझी वहिनी विचारत होती, तोंड असं का उतरलंय. चोराच्या मनात चांदणं, तिला काय सांगणार?

— दादा


१६ मार्च

धाकट्या,

कालचं पत्र सकाळीच पेटीत टाकलं आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. आज रजा टाकली आहे.

तुझ्या नावावर मी फुंकलो. चारही वर्षं.

तुला ठाऊक नव्हतं. माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी तू नाकाला चिमटा लावून पुठ्ठ्याची नळी दातांत धरलीस, मी ओरडलो, "फुंक, फुंक, अजून, अजून, संपेपर्यंत!" तू जीव तोडून फुंकलास. आकडा ऐंशीच्या खाली आला. वाटलं, नीट फुंकला नसेल, म्हणून आणखी दोनदा फुंकायला लावलं. तिन्ही वेळा तोच आकडा. तीन फुंका जुळल्या की त्या खऱ्या, हे मीच नव्या लोकांना शिकवतो.

ऐंशीच्या खाली गेलेल्या माणसाला वाळूतून बाहेर काढायचं असा नियम आहे. बाहेर म्हणजे कुठे, तर गेटबाहेर. दुसरं काम कोणाला दिल्याचं मी पाहिलेलं नाही. तू शर्टाची बटणं लावत विचारलंस, "कसं आहे?" मी म्हणालो, "उत्तम. जा, पुढच्याला पाठव." पुढचा दार ढकलेपर्यंत मी तुझ्या तीन फुंका पुसल्या आणि स्वतः तीन मारल्या. उंचीच्या रकान्यात तुझी उंची तशीच राहिली. मी तुझ्याहून वीतभर उंच, म्हणून तुझी छाती एकशे चोवीस टक्के भरली. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आली असती तर जरा हळू फुंकलो असतो, आणि तुला कोणी भाता म्हटलं नसतं, आणि टाकीतही पाठवलं नसतं. या चुकीवर मी तीन वर्षं जळतो आहे, मूळ पापापेक्षा जास्त. माणूस कसा असतो बघ.

दुसऱ्या वर्षी खरं लिहिलं असतं तर एकशे चोवीसवरून एकदम एवढी घसरण कशी, असं विचारलं असतं. म्हणून पुन्हा फुंकलो. तिसऱ्या वर्षी तू फुंकून झाल्यावर टेबलाला धरून उभा राहिलास आणि म्हणालास, "आज जेवण जास्त झालं." मी म्हणालो, "होतं असं." तू गेल्यावर दाराला कडी घातली आणि फुंकलो.

मी पकडला गेलो म्हणून सांगतो आहे. बाई आल्या नसत्या तर मी तुला चंबूच शिकवत बसलो असतो.

आज त्यांच्याकडे जाऊन हेच लिहून देणार आहे.

— दादा


२ एप्रिल

धाकट्या,

बोर्डापुढे उभा राहिलो. अध्यक्षांनी विचारलं, "कशासाठी केलंत?" मी म्हणालो, "भावाची नोकरी वाचावी म्हणून." त्यांनी तसं लिहून घेतलं. बाजूला बसलेल्या एकाने तर सहानुभूतीने मान हलवली.

तुझ्यासाठी वेगळं लिहितो. नोकरी लागायच्या आधी दोन वर्षं तू आणि तुझी बायको आमच्या बाहेरच्या खोलीत होता. तुझी वहिनी एका शब्दाने बोलली नव्हती, तिला यात ओढू नकोस. मीच होतो. घरी आलो की माझ्या खुर्चीत तू असायचास. तू हळू आवाजात बोलायचास, आम्हाला त्रास नको म्हणून, आणि त्या हळू आवाजाचाच मला त्रास व्हायचा. तुला ओतशाळेत चिकटवलं तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तुम्ही भाड्याच्या खोलीत गेलात त्या दिवशी मी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि संध्याकाळभर नुसता बसून राहिलो. इतकं सुख मला क्वचित झालं असेल. पुढे वर्षभराने तो आकडा पाहिला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुझी छाती आली नाही. तू ट्रंका घेऊन पुन्हा दारात उभा आहेस असं दिसलं.

हे बोर्डाला सांगितलं नाही. लाज वाटली.

निकाल असा आहे. तुझे चारही रिपोर्ट रद्द झाले. एक्स-रे मी नेऊन दिला होता, त्यावरून शिक्का मंजूर झाला. ऑक्सिजनचं मशीन पंधरवड्यात येईल. नळी नाकात नीट बसव, नाकाला चट्टे पडतील तिथे तेल लावू नकोस, पाण्यात विरघळणारा मलम लाव. मशीनजवळ काडी ओढायची नाही.

मला काढून टाकलं. माझ्या हातचे बारा वर्षांचे सगळेच रिपोर्ट रद्द धरले आहेत आणि एकशे चाळीस माणसं पुन्हा फुंकणार आहेत. गेटवर साचे करणारा म्हातारा मिस्त्री भेटला. म्हणाला, "माझ्या जागी कोण फुंकलं होतं, फुंकणीवाले?" मी म्हणालो, "तुम्हीच फुंकला होता, शपथ." तो हसला आणि खोकत खोकत आत गेला. त्याचा रिपोर्ट खरा होता. पण आता ते त्याला कोण पटवणार?

— दादा


२७ एप्रिल

धाकट्या,

पाकीट उघडलं तर तुझ्या बायकोच्या पत्रामागे तुझं अक्षर. वर्षभरात पहिल्यांदा. ओळ तिरकी गेली आहे, मध्ये दोनदा थांबल्यासारखी शाई फुटली आहे.

तिने लिहिलं आहे, 'सगळी पत्रं वाचून दाखवली. खुर्चीचंही वाचलं. मशीन आलं, नळी लावली. बोललं की धाप लागते, म्हणून आज पेन मागितला.'

आणि तू लिहिलं आहेस, 'माझे खरे किती होते?'

मला वाटलं होतं शिव्या देशील. दिल्या असत्यास तर मी त्या घेतल्या असत्या, त्यांची माझी तयारी होती. याची नव्हती. पत्र घेऊन मी गच्चीवर गेलो, खाली आलो, पुन्हा गेलो. वहिनीने विचारलं तेव्हा तिच्या हातात दिलं. ती वाचून म्हणाली, "लिहा. तेवढं तरी लिहा त्याला."

हाच प्रश्न डॉक्टरीणबाईंनीही विचारला होता. मी आकडे सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, "तुमच्या तोंडचे आकडे आता मी कुठे लिहू?" बरोबर आहे त्यांचं. मशीनमध्ये ते नाहीत, कागदावर नाहीत, मी पुसले ते कायमचे पुसले गेले. जगात ते फक्त मला माहीत आहेत, आणि माझ्यावर विश्वास ठेवायला कोणी बांधील नाही. तूही नाहीस.

पण मी ते विसरलो नाही. दर वर्षी तू शर्टाची बटणं लावत असताना मी ते वाचले आहेत.

चौथ्या वर्षी त्रेचाळीस.

तिसऱ्या वर्षी, टेबलाला धरून उभा होतास तेव्हा, बावन्न.

दुसऱ्या वर्षी एकसष्ट.

पहिल्या वर्षी एकोणसत्तर. तोवर तू टाकीत एकदाही उतरला नव्हतास. त्या दिवशी मी खरं लिहिलं असतं तर तू आठवडाभरात ट्रंका घेऊन माझ्या बाहेरच्या खोलीत आला असतास. चढ चढताना तुला दम लागला असता, धावता आलं नसतं, थंडीत खोकला झाला असता. एकोणसत्तरची माणसं मी बारा वर्षांत पुष्कळ पाहिली. कोणी दुकानात बसतं, कोणी नातवंडं सांभाळतं. त्यातली बरीच म्हातारी झाली आहेत, धाकट्या.

— दादा